वास येतोय का?

आत्याचं नाक दिसायला अगदी साधं होतं. थोडं बसकं, उजव्या बाजूला कांजण्यांचा एक वण. पण बर्फाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्या नाकावर सगळे निर्धास्त होते. बर्फ करायला अमोनिया लागतो. तो नळांतून निसटला की आधी डोळे चुरचुरतात, मग घसा आवळतो, आणि निसटणं मोठं असेल तर पुढचं सांगायला माणूस उरत नाही. आत्याला तो इतरांच्या कितीतरी आधी कळायचा. नळांच्या त्या गुंत्यात ती मान तिरकी करून उभी राहायची, दोनदा श्वास घ्यायची आणि बोट दाखवायची.

"तिसरा व्हॉल्व्ह. खालचा."

फिटर पाना घेऊन जायचा. तिसराच असायचा, आणि खालचाच.

कामावर लागली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि बर्फाच्या लाद्यांवर भुसा पसरायची. एकदा ती फोरमनला म्हणाली, "साहेब, इथं काहीतरी टोचतंय." फोरमन हसला. संध्याकाळी त्याच जागी नळ फुटला आणि फोरमनच पंधरा दिवस दवाखान्यात पडला. परत आल्यावर त्याने तिच्या हातातलं भुशाचं घमेलं काढून घेतलं आणि तिला नळांपाशी उभं केलं. तेव्हापासून तिचं नाव 'नाक' पडलं, अगदी तोंडावर. "नाक आलं का? नाकाचा डबा कुणी खाल्ला? आज नाक सुट्टीवर आहे रे, जपून." आत्याला त्याचा राग कधीच आला नाही. उलट कुणी नावाने हाक मारली तर तिला क्षणभर कळायचं नाही, कुणाला बोलावतायत.

मग कारखाना बंद पडला. चार वर्षं दाराला कुलूप. आत्या घरी बसली आणि आमच्या नाकी नऊ आले. शेजारणीच्या फोडणीत हिंग कमी आहे, वरच्या मजल्यावरचा म्हातारा चोरून विडी ओढतो, मी दोन दिवस केस धुतलेले नाहीत, सगळं तिला जिन्यातच कळायचं.

चार वर्षांनी एक दिवस साहेब घरी आले. साहेब म्हणजे संचालक, तेव्हा अजून कशाचेच नव्हते. शास्त्रज्ञ माणूस, बोलताना पेनचं टोपण काढायचे आणि लावायचे. आमच्या भागातल्या सगळ्या कॉलेजांना आणि प्रयोगशाळांना मिळून एक महासंगणक बसवायचा ध्यास त्यांनी घेतला होता. इथल्या मुलांना मोठी गणितं करायची तर मोठ्या शहरातल्या मशीनवर पाळी लावावी लागायची, आणि पाळी आठ महिन्यांनी यायची.

"मावशी, कारखान्याचे नळ तुमच्याशिवाय कुणाला कळत नाहीत," साहेब म्हणाले.

"पुन्हा बर्फ काढायचाय?"

"नाही. एक मशीन थंड ठेवायचंय. गणितं करणारं."

"गणितं करून तापतं?"

"फार तापतं."

"आमच्या शाळेतल्या बाईपण तापायच्या," आत्या म्हणाली. "त्यांना कुणी थंड नाही केलं."

साहेब हसले आणि टोपण लावायचं विसरले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. नवीन थंडाव्याची यंत्रणा परवडणारी नव्हती. कारखान्यात तीन कॉम्प्रेसर चालू स्थितीत होते, हातभर जाडीच्या भिंती होत्या, विजेची मोठी लाईन होती. अमोनियाने पाणी थंड करायचं आणि ते पाणी मशीनच्या पाठीमागून फिरवायचं. तपासणीवाल्यांनी एकच अट घातली होती, गळती ओळखणारं अनुभवी माणूस कायम हजर हवं. ते माणूस मिळालं तर परवानगी, नाहीतर नाही.

आत्याने चपला घातल्या.

दीड वर्षात तिथे केंद्र उभं राहिलं. जिथे बर्फाचे साचे होते तिथे काळ्या कपाटांची एक रांग आली. त्या सहा कपाटांतून असा आवाज यायचा की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. जिथे लाद्या ठेवायचे त्या कोठीत प्रशिक्षणाचा वर्ग झाला. चाळीस खुर्च्या, चाळीस पडदे. कोठीला खिडकी नव्हती, कोठीला असतेच कशाला? एकच जाड दार, लोखंडी खिट्टीचं. हवा खेळती हवी म्हणून कुणीतरी डोकं चालवलं. कोठीच्या मागच्या भिंतीत पूर्वी लाद्या सरकवायचा झरोका होता, त्यात पंखा बसवला. भिंत फोडायचं काम वाचलं.

झरोक्याच्या पलीकडे नळांची खोली होती.

"साहेब, हा पंखा आमच्याकडची हवा ओढतो," आत्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

"तुमच्याकडची हवा तर सगळ्यात चांगली, मावशी. तुमचं नाक आहे ना तिथं."

नळांच्या खोलीत नाकाशिवाय दोन सेन्सरही होते. छताजवळ दोन पांढऱ्या डब्या. अमोनिया लागला की भोंगा वाजायचा, कॉम्प्रेसर थांबायचे आणि मशीन जळू नये म्हणून चार मिनिटांत स्वतःला बंद करून घ्यायचं. पण त्या डब्यांना अमोनियातला आणि फरशी पुसायच्या औषधातला फरक कळत नव्हता. पहिल्या दोन महिन्यांत पाच वेळा भोंगा वाजला आणि पाचही वेळा कारण बादली निघाली.

पाचव्या वेळी नदीवाली रडली. नदीवाली म्हणजे केंद्रातली संशोधक, तिशीची, कायम शालीत गुंडाळलेली आणि कायम सर्दीने हैराण. आमच्या नदीला कुठून किती पाणी येईल, पूर कुठल्या गल्लीत किती वाजता शिरेल, याचं गणित ती मांडत होती. एकेका गणिताला एकोणीस दिवस लागायचे. पाचव्या भोंग्याला तिचा सतरावा दिवस होता.

"मावशी, पूर काय ती बादली वाळेपर्यंत थांबणार आहे का?"

"बादली मी बदलायला सांगते," आत्या म्हणाली.

बादली बदलली नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही डब्यांवर पाण्याच्या मशीनपाशी ठेवतात तसले प्लास्टिकचे पेले उपडे बसले होते, वर रबरबँड. कुणी लावले ते कुणी विचारलं नाही. साहेबांनी वर पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तात्पुरतं हं." पेल्यांचं कुठे काही लिहिलं गेलं नाही. सगळ्यांना ते माहीत होतं, आणि सगळ्यांना दुसरंही एक माहीत होतं. मावशी आहेत ना.

त्या वर्षी आत्याला ताप आला. आठ दिवसांत उतरलाही. मी एका संध्याकाळी घरी आले तर जिन्यातच जळका वास. धावत वर गेले. स्वयंपाकघर धुराने भरलेलं, पातेल्यातल्या दुधाचा कोळसा झालेला, आणि शेगडीपासून दोन हातांवर आत्या पेपर वाचत बसलेली.

"आत्या!"

तिने वर पाहिलं. मग धूर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. तसा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. कुणीतरी तिच्या घरात येऊन बसलंय आणि ती त्या माणसाला ओळखत नाहीये, असा.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिने डब्यातून हिंग काढला, नाकाशी धरला. मग रॉकेलची बाटली. मग माझं अत्तर. शेवटी कपाटाच्या तळातून तिने कारखान्यातला जुना हातमोजा काढला आणि त्यात तोंड खुपसून किती तरी वेळ बसली.

"येतंय काही?" मी विचारलं.

"येईल," ती म्हणाली. "ताप होता ना."

आलं नाही. महिना झाला, तीन झाले. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही. मी म्हटलं, साहेबांना सांग.

"काय सांगू? नाकाला नाक नाही म्हणून?"

"हसू नकोस. तिथं माणसं आहेत."

"मी सांगितलं तर उद्या कुलूप लागेल. परवानगी माझ्यावर आहे. ती नदीवाली पोर शाल गुंडाळून परत आठ महिने पाळी लावेल." मग थोड्या वेळाने, भिंतीकडे बघत, "आणि मग मी कोण गं?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं.

दूध जळलं त्याच आठवड्यापासून आत्याने चोरून दुसरा मार्ग काढला होता. शाळेत असतो तो लाल लिटमस कागद. अमोनिया असेल तिथे ओला लाल कागद निळा होतो. तिने पट्ट्या कापून चष्म्याच्या घरात ठेवल्या. दिवसातून सहा वेळा ती एकेक पट्टी ओली करून नळांवरून फिरवायची, आणि कुणी आलं की मुठीत लपवून मान तिरकी करायची, दोनदा श्वास घ्यायची. "सगळं ठीक." नाटकात मी इतकी वर्षं घालवली, पण इतकं अचूक काम कुणाचं पाहिलं नाही. दहा महिने रोजचा प्रयोग, आणि एकालाही संशय नाही.

त्याच दहा महिन्यांत कपाटांची दुसरी रांग आली. जे नळ पूर्वी उन्हाळ्यात धावायचे आणि थंडीत झोपायचे, ते आता बारा महिने दम न घेता धावू लागले. आत्या म्हणायची, रात्री हात लावला की नळ थरथरतात, तापातल्या माणसासारखे.

प्रशिक्षणाची पहिली तुकडी सोमवारी आली. आसपासच्या कॉलेजांतून निवडलेली चाळीस मुलं-मुली. महासंगणकाला काम कसं द्यायचं, मोठं गणित तुकड्यांत कसं वाटायचं, ते नदीवाली शिकवणार होती. तिचं स्वतःचं गणित आत चालूच होतं, एकोणिसावा दिवस, दुपारी चारला संपणार. नऊ वाजता चाळीस जण कोठीत गेले आणि गारवा जाऊ नये म्हणून दार ओढून बाहेरून खिट्टी लावली.

दहाला आत्याने पट्टी फिरवली. टाकीच्या मागचा जुना व्हॉल्व्ह, पंख्याच्या बरोबर खाली. पट्टी हळूहळू निळी झाली.

तिने पाना घेतला, व्हॉल्व्हच्या गळ्याजवळचा नट आवळला, हात धुतले, दुसरी पट्टी घेतली. ही लगेच निळी झाली.

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब घड्याळाकडे बघत होते.

"साहेब, कोठी रिकामी करा. मशीन बंद करा."

"किती वास येतोय?"

"मला येत नाही."

साहेबांनी टोपण काढलं. "मग?"

"मला कसलाच येत नाही. दहा महिने झाले." तिने टेबलावर दोन्ही पट्ट्या ठेवल्या. "हे येतं."

साहेबांनी पट्ट्या उचलून उजेडाकडे धरल्या. रागावले असते तर बरं झालं असतं, आत्या नंतर म्हणाली. ते हळू आवाजात बोलले.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"माझ्या भाचीला. दूध जळलं होतं."

"मावशी, साबणाच्या हातानेही हा कागद निळा होतो."

"होतो."

"तुम्ही हात धुतले होते."

"दुसऱ्या वेळी. पहिल्या वेळी नाही."

"चार वाजेपर्यंत," साहेब म्हणाले. "सहा तास फक्त. नदीचं गणित हातात आलं की पुढच्या पुरात लोक वाचतील, तुम्ही मलाच सांगा हे लहान आहे का? चारला मी स्वतः बंद करतो. आणि ते दुसरं, नाकाचं, ते आज कुणाला बोलू नका."

आत्या नळांच्या खोलीत परतली. स्टूल ओढलं, वर चढली आणि पहिल्या डबीवरचा पेला काढला. काही झालं नाही. दुसरा काढला. काही नाही. दोन्ही डब्यांतला हिरवा दिवा मेलेला होता. पेला पुरेसा वाटला नाही म्हणून कुणीतरी कधीतरी मागची वायरही काढून ठेवली होती. तात्पुरती.

ती स्टुलावर उभी होती आणि तिच्या तोंडासमोर पंखा फिरत होता, इकडची हवा तिकडे ढकलत. पलीकडून नदीवालीचा आवाज आणि मुलांचं हसणं येत होतं. आत्याने श्वास घेतला. दोनदा. सवयीने. नुसती थंड हवा, कशाचीच नसलेली.

ती खाली उतरली, कोठीपाशी गेली आणि खिट्टी उचलली.

चाळीस माना वळल्या. नदीवाली फळ्यापाशी, रुमालाने नाक पुसत. "मावशी? काय झालं?"

आत्याला एवढंच म्हणायचं होतं, वास येतोय, बाहेर चला. नाकाने म्हटलं असतं तर कुणी प्रश्न विचारला नसता. तिने त्यासाठीच तोंड उघडलं होतं. पण सव्वीस वर्षांत न आलेला वास तिने कधी सांगितला नव्हता, आणि तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

"पोरांनो, कुणाला वास येतोय का?"

कुणी हसलं. कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं. मग सगळ्यात मागच्या रांगेतून, पंख्याखालून, वेणीवाल्या एका मुलीचा हात वर गेला. अर्धाच, कोपरापर्यंत.

"मला येतोय. मघापासून. डोळेपण चुरचुरतायत."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं इथं असाच असतो. मशीनचा."

तिच्या शेजारच्याचा हात वर गेला. मग त्याच्या पुढच्याचा. मागच्या दोन रांगांतले सगळे हात वर झाले, एकेक करून. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण नवीन आहोत, इथल्या मोठ्या माणसांना माहीत असणार.

"उठा," आत्या म्हणाली. "पिशव्या राहू देत. पळायचं नाही, ढकलायचं नाही. माझ्यासमोरून जायचं."

तिने दारात उभं राहून मोजले. चाळीस, आणि नदीवाली एकेचाळीस. मग वऱ्हांड्यातला लाल दांडा खाली ओढला. कॉम्प्रेसरचा आवाज थांबला, आणि चार मिनिटांनी मशीनचाही. इतक्या महिन्यांनी तिथे पहिल्यांदा शांत झालं. त्या शांततेत साहेब धावत आले, काही बोलणार एवढ्यात पलीकडे काहीतरी फुटल्याचा ठोका ऐकू आला. कोठीच्या उघड्या दारातून पांढरा धूर जमिनीलगत बाहेर यायला लागला. तो कुणीतरी वाट दाखवल्यासारखा सरळ येत होता. सगळे कुंपणाच्या बाहेर धावले.

नदीवाली शालीचं टोक चावत उभी होती. "पेले मी लावले होते, मावशी. वायर नाही. वायर माहीत नाही कुणी काढली."

वायर कुणी काढली ते कधीच कळलं नाही.

चौकशी झाली. अहवाल आला. साहेबांनी तो आत्याला स्वतः वाचून दाखवला. 'केंद्रातील अनुभवी कर्मचारी महिलेने केवळ वासावरून गळती वेळीच ओळखल्याने मोठा अनर्थ टळला.' खाली शिक्का. सोबत तिच्या नावाचं प्रशस्तिपत्र.

"हे खोटं आहे, साहेब."

"वासावरूनच कळलं ना?"

"माझ्या नाही."

"मावशी, खरं लिहिलं तर परवानगी जाते. बाकी सगळं नवीन करतोय. व्हॉल्व्ह नवे, सेन्सर नवे. तुम्ही फक्त असा."

आत्याने प्रशस्तिपत्र टेबलावरच ठेवलं. नळांच्या खोलीत जाऊन रोजच्या नोंदवहीत तिने आपल्या अक्षरात लिहिलं, 'मला वास येत नाही. दहा महिन्यांपासून.' खाली सही, तारीख. दुसऱ्या दिवशी टेबलावर नवीन कोरी वही होती. जुनी भरली म्हणाले. तिने नव्या वहीतही पहिल्या पानावर तेच लिहिलं. तिसरी आली. तपासणीवाले आले त्या दिवशी तिने तोंडानेही सांगितलं. ते हसले. विनयी आहेत बाई, म्हणाले.

"सोड ती जागा," मी म्हटलं.

"मी सोडली तर कागदावर दुसरं नाक लिहितील. ते तर लाल कागदसुद्धा बाळगणार नाही."

तीन महिन्यांनी दुसरी तुकडी आली. त्या दिवशी आत्या चष्म्याचं घर विसरली होती, ते द्यायला मी गेले. नवे सेन्सर छताला होते, हिरवे दिवे लागलेले. त्यांच्याखाली कुणीतरी फरशी पुसत होतं. बादली तीच होती. पाण्याच्या मशीनपाशी पेल्यांची चळत.

आत्या कोठीच्या दारात उभी होती. आत चाळीस नवे चेहरे.

"काही शिकायच्या आधी एक सांगा," ती म्हणाली. "कुणाला वास येतोय का?"

सगळे एकमेकांकडे बघत राहिले. एकही हात वर झाला नाही.

"लाजायचं नाही. इथं असाच असतो असं समजायचं नाही."

कुणीच नाही. शेवटच्या रांगेत, पंख्याखाली, एक मुलगी डोळे चोळत होती.

"काय गं?"

"काही नाही. पहाटेची बस होती."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग पंख्याकडे. तिने मान तिरकी केली, दोनदा श्वास घेतला.

"मावशी, दार लावू का?" फळ्यापाशी उभ्या असलेल्या नदीवालीने विचारलं. "गारवा जातोय."

"जाऊ दे," आत्या म्हणाली. तिने वऱ्हांड्यातलं स्टूल ओढून बरोबर उंबरठ्यावर ठेवलं, दाराला पाठ टेकवून बसली, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी चष्म्याचं घर तिच्या हातात दिलं.